बिअरच्या कारखान्यातला ‘स्टुडंट’

पावसाळा सुरू झाला की आमच्या सरकारी रुग्णालयात डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि ‘प्लेटलेट’ हा शब्द घरोघरी पोहोचतो. सकाळचा रिपोर्ट ४२ हजार, संध्याकाळचा ३८ हजार. एवढ्यावर नातेवाइकांचा जीव टांगणीला लागतो. कुणी पपईच्या पानांचा रस आणायला पळतं, कुणी रक्तपेढीला फोन लावतं. अशा वेळी मी केसपेपरच्या कोपऱ्यात एक साधा हिशेब करून दाखवतो. हा हिशेब मुळात कुणा डॉक्टरने मांडलेला नाही. डब्लिनच्या बिअर कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका माणसाने तो १९०७ साली प्रसिद्ध केला. त्याला रक्तातल्या पेशींशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला यीस्ट मोजायचं होतं.

विज्ञान किंवा वैद्यक शिकलेल्या प्रत्येकाला त्याचं टोपणनाव माहीत आहे. एमडीचा प्रबंध लिहिताना मीही ‘स्टुडंट्स टी टेस्ट’ वापरली होती आणि बरीच वर्षं माझा प्रामाणिक समज होता, की ही विद्यार्थ्यांसाठी सोपी करून दिलेली काहीतरी चाचणी असावी. ‘स्टुडंट’ हे एका माणसाचं नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. त्याचं खरं नाव विल्यम सीली गॉसेट.

गॉसेटचा जन्म १३ जून १८७६चा, इंग्लंडमधल्या कँटरबरीचा. वडील सैन्यात अभियंता, कर्नलच्या हुद्द्यावर. मुलानेही तिकडेच जावं अशी घरची इच्छा, पण डोळे अधू निघाले आणि तो रस्ता बंद झाला. मग विंचेस्टरची शाळा, ऑक्सफर्डचं न्यू कॉलेज, तिथे गणित आणि रसायनशास्त्र दोन्हींत पहिला वर्ग. १८९९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो डब्लिनच्या गिनेस कंपनीत रुजू झाला. गिनेस हा त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कारखान्यांपैकी एक होता. पिढ्यान्‌पिढ्या जिभेच्या आणि नाकाच्या भरवशावर चाललेला हा धंदा आता शास्त्राच्या आधाराने चालवायचा, असं कंपनीने ठरवलं होतं आणि त्यासाठी ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण रसायनशास्त्रज्ञ नोकरीवर घ्यायला सुरुवात केली होती.

त्याच्यापुढचा प्रश्न कळण्यासाठी बिअर कशी होते ते थोडक्यात पाहू. (मी पिण्याची शिफारस करत नाही. यकृताच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत.) बार्ली भिजवून मोड आणतात, वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. माल्ट भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर ठेवलं, की धान्यातलीच विकरं पिष्टाची साखर करतात. हे गोड पाणी खालून काढून घ्यायचं. पण चोथ्यात अजून साखर उरलेली असते, म्हणून त्यावर पुन्हा गरम पाणी हळूहळू शिंपडत ती धुऊन काढायची. आपल्याकडे सोलकढीसाठी नारळाचं दूध काढतात, तसंच हे. पहिलं दूध घट्ट, दुसऱ्या पाण्याचं पातळ, तिसऱ्या पाण्याला नुसताच पांढरट रंग.

हे दुसरं पाणी किती घालायचं? कमी घातलं तर पैसे मोजून घेतलेली साखर चोथ्याबरोबर गुरांच्या पुढ्यात जाते. जास्त घातलं तर रस पातळ होतो, तो आटवायला जळण लागतं आणि शेवटी शेवटी सालांमधला तुरटपणा उतरू लागतो, कारण धुऊन धुऊन चोथ्याची आम्लता कमी होत जाते. परदेशात घरच्या घरी हौसेने बिअर करणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो. पाण्याच्या मापाचा हिशेब तसा अवघड नाही. समजा, ५ किलो माल्ट १५ लिटर पाण्यात भिजवलं. धान्य किलोमागे साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतं, म्हणजे हाती येतील १० लिटर. उकळायला २५ लिटर हवं असेल तर वरून १५ लिटर घालायचं. खरी अडचण पुढे आहे. त्या २५ लिटरमध्ये साखर किती उतरेल हे माल्टवर अवलंबून असतं, आणि प्रत्येक शेताचं, प्रत्येक हंगामाचं माल्ट वेगळं. ब्रिटनमध्ये १८८०पासून बिअरवरचा कर या गोड रसाच्या घनतेवरून ठरत असे. साखर ठरल्यापेक्षा जास्त उतरली तर कर वाढायचा, कमी उतरली तर बिअर पुळचट व्हायची आणि गिऱ्हाईक बोंब मारायचं.

म्हणून माल्टचा नमुना प्रयोगशाळेत भिजवून त्यातून किती साखर उतरते हे आधी मोजत. गिनेसला हा आकडा १३३ अंशांच्या आसपास हवा असे, आणि इकडेतिकडे अर्ध्या अंशाचा फरक चालण्यासारखा होता. पण एकाच ढिगातले दोन नमुने घेतले तरी दोन आकडे यायचे. मग खरं काय धरायचं? सरासरी काढायची हे ठीक, पण किती नमुन्यांची? दोन, चार, की ऐंशी? प्रत्येक नमुन्यामागे माणसाचा वेळ जातो, आणि तोवर कारखान्यात भट्टी तापून बसलेली असते.

रसायनशास्त्र शिकलेल्या मंडळींत गणिताची भीती नसलेला गॉसेटच होता, त्यामुळे सहकारी आपापले आकडे घेऊन त्याच्याकडे यायला लागले. १९०४ साली त्याने कंपनीसाठी एक अंतर्गत अहवाल लिहिला. त्याचा विषय होता चुकांचा नियम कारखान्याच्या कामात कसा वापरायचा. त्याने दाखवलं, की दोन मोजण्यांची सरासरी घेतली तर ती खऱ्या आकड्याच्या अर्ध्या अंशाच्या आत असण्याची शक्यता पाचांत चार. तीन मोजण्या घेतल्या तर आठांत सात, चार घेतल्या तर तेरांत बारा, पाच घेतल्या तर विसांत एकोणीस. ८२ मोजण्या केल्या तर खात्रीच म्हणायची. आता कारखान्याने ठरवायचं, की आपल्याला किती खात्री हवी आणि तिच्यासाठी किती खर्च परवडतो. मला गॉसेट आवडतो तो इथे. अचूकता हे त्याच्या लेखी पवित्र मूल्य नव्हतं. ती बाजारातल्या वस्तूसारखी होती, गरजेपुरती विकत घ्यायची.

पण एक गोम राहिली होती. तेव्हाचं सगळं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांवर उभं होतं, शेकडो-हजारो मोजण्यांवर. आकड्यांचा विखार, म्हणजे ते सरासरीपासून किती इकडेतिकडे पसरतात, हे नीट ठाऊक आहे असं त्यात गृहीत असे. चारच मोजण्या असतील तर सरासरी तर डळमळीत असतेच, पण तो विखारही त्या चार आकड्यांवरूनच काढलेला, म्हणजे तोही डळमळीत. ही दुहेरी अनिश्चितता कशी मांडायची हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या काळात या विषयातला सर्वांत मोठा माणूस म्हणजे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले प्राध्यापक कार्ल पिअरसन. १९०५च्या जुलैमध्ये पिअरसन सुटीवर गावी गेले होते. गॉसेट वडिलांच्या घरून सायकल मारत तिथे पोहोचला आणि आपल्या शंका त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यातून पुढे कंपनीने त्याला १९०६-०७चं वर्ष पिअरसन यांच्या प्रयोगशाळेत शिकायला पाठवलं. नोकरीतल्या माणसाला पगार देऊन गणित शिकायला पाठवणारा बिअरचा कारखाना! १९०६ सालीच त्याचं मार्जरी फिल्पॉट्सशी लग्न झालं.

लंडनच्या त्या वर्षातलं पहिलं फळ म्हणजे सुरुवातीला सांगितलेला यीस्टचा निबंध. बिअर आंबवण्यासाठी यीस्ट मोजून घालावं लागतं. ते मोजण्यासाठी कारखान्यात डॉक्टरांचंच साधन वापरत, रक्तपेशी मोजायची काचपट्टी. तिच्यावर सूक्ष्म चौकटी कोरलेल्या असतात. गॉसेटने ४०० चौकटींतल्या पेशी मोजल्या आणि सिद्ध केलं, की या मोजणीत होणारी चूक फक्त किती पेशी प्रत्यक्ष मोजल्या यावर ठरते आणि ती साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. १०० पेशी मोजल्या तर दहाचा फरक नुसता योगायोगाने पडू शकतो. ४०० मोजल्या तर वीसचा, म्हणजे टक्केवारीत निम्मा. हेच सूत्र फ्रेंच गणितज्ञ प्वासाँने बरंच आधी मांडलं होतं, गॉसेटने ते आपल्या वाटेने पुन्हा शोधलं.

आता आपला डेंग्यूचा रुग्ण. यंत्राने प्लेटलेट फार कमी दाखवल्या की बऱ्याच ठिकाणी त्या हाताने मोजतात. रक्त शंभर पट पातळ करून काचपट्टीच्या मधल्या एका चौरस मिलिमीटरमधल्या प्लेटलेट मोजायच्या आणि एक हजाराने गुणायचं, ही एक प्रचलित पद्धत. म्हणजे ३८ हजारचा रिपोर्ट येतो तेव्हा तंत्रज्ञाने प्रत्यक्षात ३८ ठिपके मोजलेले असतात. ३८चं वर्गमूळ सहाच्या थोडं वर. त्याच रक्ताची त्याच माणसाने तासाभराने पुन्हा मोजणी केली तर ४४ येतील किंवा ३२ येतील, आणि त्यात कुणाचीही चूक नसेल. सकाळचे ४२ आणि संध्याकाळचे ३८ हे रक्तातल्या बदलाने आले, की नुसत्या मोजणीने, हे सांगता येत नाही. यंत्र जास्त पेशी मोजतं, त्याची चूक कमी असते, पण शून्य नसते. म्हणून आम्ही एका आकड्याकडे न बघता रुग्णाकडे बघतो: नाडी, रक्तदाब, लघवी, पोटदुखी, रक्तस्राव. नातेवाइकांना दर वेळी हे पटतं असं नाही.

दुसरा निबंध १९०८चा. त्यात चार-दहा मोजण्यांच्या सरासरीवर किती विश्वास ठेवायचा याचं उत्तर होतं. त्याने आधी तर्काने आणि थोड्या अंदाजाने एक वक्र काढला आणि मग तो तपासायला चक्क पत्ते पिसले. तीन हजार कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांचे आकडे पूर्वीच प्रसिद्ध झालेले होते. गॉसेटने ते पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिले, खूप पिसले, एकेक काढून वहीत उतरवले आणि चार-चारचे ७५० गट केले. प्रत्येक गटाची सरासरी, प्रत्येकाचा विखार, सगळं हाताने. वक्र जुळला. आज संगणकावर जे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, त्याचा हा पुठ्ठ्याचा अवतार.

त्याचा मथितार्थ असा. मोठ्या नमुन्यात शंभरात पंच्याण्णव खात्री हवी असेल तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना प्रमाण त्रुटीच्या १.९६ पट जागा सोडायची. मोजण्या दहाच असतील तर २.२६ पट. चारच असतील तर ३.१८ पट. नमुना लहान असेल तर त्यातून काही शिकता येत नाही असं नाही. मात्र तितकं नम्र राहावं लागतं, आणि नेमकं किती नम्र राहायचं याचा तक्ता या माणसाने करून दिला.

निबंधाखाली नाव मात्र ‘स्टुडंट’. धंद्यातली गुपितं फुटतील या धास्तीने कंपनीने अट घातली होती, की कर्मचाऱ्याचं खरं नाव, कंपनीचं नाव आणि बिअरचा उल्लेख यातलं काही छापायचं नाही. गॉसेटच्या हाताखालच्या एकाने पुढे ‘सोफिस्टर’ नाव घेतलं. तोही डब्लिनच्या कॉलेजातल्या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यासाठीचा शब्द.

निबंधाची फारशी दखल घेतली गेली नाही. पिअरसन यांना गॉसेट आवडायचा, पण इतके लहान नमुने घेण्याचा वात्रटपणा ब्रुअर लोकच करतात अशी त्यांची थट्टा असे. १९१२ साली केंब्रिजमधल्या एका अगदी तरुण विद्यार्थ्याने गॉसेटच्या वक्राची काटेकोर सिद्धता त्याला पाठवली. तिच्यातली अनेक मितींची भूमिती गॉसेटला उमगली नाही. ते त्याने मोकळेपणाने कबूल करून कागद पिअरसनकडे धाडून दिले. तो विद्यार्थी म्हणजे रोनाल्ड फिशर. पुढे फिशर आणि पिअरसन यांच्यात मोठं वितुष्ट आलं, आणि दोघांशीही मैत्री टिकवून राहिलेला माणूस म्हणजे गॉसेट. फिशरने त्याची पद्धत विस्तारली, तिला ‘टी’ हे अक्षर चिकटलं आणि १९२५च्या फिशरच्या ग्रंथामुळे ती जगभर गेली. भारतात हे लहान नमुन्यांचं शास्त्र शेतीसंशोधकांपर्यंत नेण्यात दोन मराठी नावं आहेत. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे. सुखात्मे १९३०च्या दशकात लंडनच्या त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले, आणि या दोघांचं पुस्तक कृषी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरलं.

गॉसेटचं बहुतेक आयुष्य मात्र कारखान्यात आणि आयर्लंडच्या बार्लीच्या शेतात गेलं. कुठलं वाण कुठल्या जमिनीत चांगलं उतरतं याच्या चाचण्या तो वर्षानुवर्षं करत होता. पहिल्या महायुद्धात सैन्यात जायचा प्रयत्न केला, पुन्हा डोळे आडवे आले. घरी एक मुलगा, दोन मुली, बागेत नासपतीची झाडं, हातात सुतारकामाची हत्यारं, सवड मिळाली की मासेमारी.

आरोग्याच्या सदरात त्याच्यावर लिहायचं खरं कारण १९३१ सालचं आहे. आदल्या वर्षी स्कॉटलंडच्या लॅनार्कशायरमध्ये शाळेतल्या मुलांना दूध देण्याचा प्रचंड प्रयोग झाला. ६७ शाळा, २० हजार मुलं. १० हजारांना फेब्रुवारी ते जून रोज पाऊण पाइंट, म्हणजे सव्वाचारशे मिलिलिटर दूध. त्यातल्या ५ हजारांना कच्चं, ५ हजारांना पाश्चराइज केलेलं. उरलेल्या १० हजारांना काहीच नाही. आधी आणि नंतर उंची-वजन. दूध घेणाऱ्यांची वाढ जास्त झाली असा निष्कर्ष निघाला.

गॉसेटने आकडे पाहिले आणि त्याला ते खटकले. दूध न मिळालेली मुलं प्रयोगाच्या सुरुवातीलाच जास्त उंच आणि वजनदार होती, जवळपास तीन-चार महिन्यांच्या वाढीइतकी. का? मुलं निवडताना चिठ्ठ्या वगैरे टाकल्या होत्या, पण एखाद्या गटात फार धडधाकट किंवा फार किडकिडीत मुलं जमली तर शिक्षकांना अदलाबदल करायची मुभा होती. आणि समोर दूध आलंय, ते द्यायचं कुणाला? शिक्षकांचं मन आपोआप गरीब, हडकुळ्या पोरांकडे वळलं. त्यात वजन कपड्यांसकट केलेलं. फेब्रुवारीत बऱ्या घरच्या मुलाच्या अंगावर जाड लोकरी कपडे, जूनमध्ये हलके. गरीब मुलाच्या अंगावर दोन्ही वेळा जवळपास तेवढेच. म्हणजे दूध न घेणाऱ्या सधन मुलांचं वजन कपडे उतरल्यानेच कमी वाढल्यासारखं दिसलं. कच्चं दूध बरं की पाश्चराइज केलेलं, हे तर ठरवताच येत नव्हतं, कारण एका शाळेत एकाच प्रकारचं दूध दिलं होतं.

मला त्या शिक्षकांचा राग येत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. आमच्याकडे नवीन औषधाच्या चाचणीत रुग्ण घेताना तरुण डॉक्टरांचा हात असाच अडखळतो. हिला खरं औषध मिळावं, हिला दोन लहान मुलं आहेत, असं मनात येतंच. म्हणूनच चिठ्ठी बंद लिफाफ्यात किंवा संगणकात ठेवायची असते.

गॉसेटचा पर्याय असा: ५० जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या घ्या, प्रत्येक जोडीतल्या एकाला एक दूध, दुसऱ्याला दुसरं. नाणं उडवून ठरवा. घर एक, जेवण एक, बीज एक. त्याच्या अंदाजाने वीस हजार मुलांच्या प्रयोगापेक्षा यातून जास्त नेमकं उत्तर मिळालं असतं, आणि तेही एक-दोन टक्के खर्चात. दूध चांगलं की वाईट यावर त्याने वाद घातला नाही. एवढं दूध, एवढे पैसे, एवढे कष्ट ओतून हाती काय आलं, हा त्याचा प्रश्न होता. चोथ्यावर नुसतं पाणी ओतत राहण्याचे तोटे त्याने कारखान्यात पाहिलेच होते.

१९३४ साली मोटार खांबाला धडकून त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने संख्याशास्त्राचंच काम केलं. १९३५च्या अखेरीस कंपनीने त्याला लंडनजवळच्या पार्क रॉयलच्या नव्या कारखान्याची जबाबदारी देऊन पाठवलं. १९३७मध्ये मुख्य ब्रुअरचं पद मिळालं आणि त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला.

१९०८च्या त्या निबंधात एक उदाहरण आमच्या क्षेत्रातलं आहे. झोपेची दोन औषधं घेतलेले अमेरिकेतल्या मनोरुग्णालयातले १० रुग्ण. दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा सरासरी १.५८ तास झोप जास्त आली, आणि हा फरक खरा असल्याची शक्यता त्याने ६६६ला १ अशी काढली. हिशेब चोख होता. पण औषधांची नावं उतरवून घेताना त्याने घोळ घातला. एकाच रसायनाची डावी-उजवी दोन रूपं म्हणून त्याने जी लिहिली, ती मुळात दोन वेगळी औषधं होती. फिशरने आपल्या ग्रंथात तक्ता तसाच घेतला, फिशरवरून इतरांनी. त्या १० जणांच्या झोपेचे आकडे आजही संख्याशास्त्राच्या ‘आर’ या मोफत संगणकप्रणालीत ‘स्लीप’ या नावाने नमुना म्हणून बरोबर येतात. आमचे पदव्युत्तर विद्यार्थी टी टेस्ट शिकताना कधी कधी त्यांच्यावरच हात साफ करतात.